ऑइल आलं कुठनं?

माझ्या मोटारसायकलच्या मीटरवर उजव्या कोपऱ्यात एक धुरकट डाग आहे. अंगठ्याएवढा. त्याच्यामुळं किलोमीटरचा शेवटचा आकडा नीट वाचता येत नाही. लोणीतली माणसं हटकतात, "काय राव डॉक्टर, म्हाळूनाना एवढे जवळचे तुमचे, आन् मीटरची ही दशा?" मी आपलं हूं हूं करतो आणि किक मारतो. नाना आता नाहीत. ते होते तेव्हाही सहा वर्षं मी तो डाग तसाच वागवला. त्यांनीही एकदासुद्धा 'आणा, काढून देतो' म्हटलं नाही. ते का, एवढं सांगायचं म्हणून लिहायला बसलोय. मला लिहिण्याची सवय नाही. जन्मभर लिहिलं ते लसीच्या रजिस्टरात, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

मी काही खरा डॉक्टर नव्हे. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला पर्यवेक्षक. पण आमच्याकडं ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. घर राजुरीला, नोकरी लोणीला, आणि दिवस सगळा वाड्यावस्त्यांवर गाडीवर. स्वभाव तापट. बायको म्हणते, "जनावरावर कधी आवाज चढवत नाही, सगळा माणसांवर काढता." खोटं नाही ते. घाई तर माझ्या पाचवीलाच पुजलेली.

म्हाळूनानांचं दुकान लोणीच्या बाजारतळाच्या कडेला. पत्र्याचं शेड, पुढं पाण्याची दोन पिंपं, पाटी वगैरे काही नाही. मेंढपाळाचं घर त्यांचं. भाऊ-पुतणे अजून मेंढरं राखतात. नाना तेवढे तरुणपणी चाकणकडं प्लास्टिकच्या कारखान्यात गेले, आणि परत आले ते एकच विद्या घेऊन. ब्रेक ऑइलनं खाल्लेल्या काचा पुन्हा दिसत्या करायची. नावाला काच, असतं सगळं प्लास्टिकच. मोटारसायकलची पुढची वाऱ्याची काच, मीटरची काच, हल्लीच्या गाड्यांचे ते मोबाइलसारखे स्क्रीन. दुसरं काम घेऊन गेलात तर बघायचेसुद्धा नाहीत.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या मुठीजवळ एक लहानशी डबी असते, त्यात पुढच्या ब्रेकचं ऑइल. मीटर तिच्या शेजारीच. डबी उघडताना दोन थेंब सांडले, किंवा डबीखालचा पाइप झिरपायला लागला, की ते पहिलं मीटरवर आणि पुढच्या काचेवर येतं. आणि हे ऑइल म्हणजे महाबिलंदर. रंगाला पोपडे आणतं, प्लास्टिकला पांढरं करतं, आणि मुरू दिलं तर आतनं बारीक तडे पाडतं.

माझ्या गाडीवर ते एका मेकॅनिकनं सांडलं होतं आणि पेट्रोलच्या बोळ्यानं खसाखसा पुसून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मीटर पांढरं फटक. मी नानांपुढं गाडी लावली. डोक्याला तांबडं मुंडासं, अंगात बंडी, वय सत्तरीच्या आसपास. गाडीला हात न लावता नुसते वाकून बघत राहिले.

"प्यट्रोलनं पुसलं?"

"मेकॅनिकनं पुसलं."

"तुमी तिथंच व्हता?"

"होतो की."

"मंग बघत काय बसला, डॉक्टर? गाईच्या डोळ्यात तिखाट गेलं तर प्यट्रोल घालता व्हय?"

अशी सलामी! मी भडकलोच. पण नानांनी माझ्या भडकण्याकडं लक्ष दिलं नाही. पिंपातलं पाणी तांब्यानं ओतत राहिले. सांगत होते ते मला की गाडीला, कळत नव्हतं. "हे ऑइल पान्याला भितं. सांडलं की पुसायचं न्हाई. पुसलं की पसरतं. पानी वतायचं. बदाबदा वतायचं. एवढं ज्याला कळलं त्याची गाडी माज्याकडं येत न्हाई."

मग काम. मीटर खोलून मांडीवर घेतलं, पाण्यात बुडवलेला वॉटर पेपर लावला, आधी जरा खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर खेपेला डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवून बघायचे. "डोळा फसतो, वलं आसलं की सगळंच चकाकतं. आंगठा फसत न्हाई." शेवटचा हात लोकरीचा. ती लोकर साधी नाही, कोकराची पहिल्या कातरणीची, जावळाची. पुतण्या वर्षातनं एकदा पिशवी भरून आणून द्यायचा. त्या मऊ लोकरीनं तासभर गोल गोल हात फिरायचा. आमच्या भागात जावळाच्या लोकरीची घोंगडी जावयाला देतात, आणि हे गृहस्थ ती मोटारसायकलच्या मीटरवर खर्च करायचे! पुतण्याची बायको करवादायची म्हणे.

घोंगडीचा एक तुकडाही त्यांच्यापाशी असायचा. डबीचं झाकण उघडण्याआधी तो पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, मीटरवर आणि काचेवर पांघरायचे. थेंब पडला तर घोंगडीत जायचा, तिथल्या पाण्यात विरायचा. लोणीतल्या साऱ्या मेकॅनिकना त्यांनी तसले तुकडे फुकट वाटले होते. निम्म्यांनी त्याची पायपुसणी केली. नाना पुन्हा द्यायचे.

'नवी करून द्या' हे बोलणं त्यांना चालायचं नाही. "नवी न्हाई व्हनार. दिसंल एवढी करतो." एवढंच वचन.

आता ती गोष्ट सांगतो.

त्या दिवशी लोणीचा बाजार होता. माझं मीटर पुन्हा खराब झालं होतं, आणि सकाळपासनं ते नानांच्या दुकानात खोलून पडलं होतं. निम्मं झालेलं. तेवढ्यात कोंडीभाऊ आला. कोंडीभाऊ डिंभ्याचा. धरणात मासे धरायचा आणि बाजाराच्या दिवशी गाडीला दोन्हीकडनं क्रेट बांधून एवढ्या लांब लोणीपर्यंत विकायला यायचा. हसरा माणूस. मासे विकून झाले होते, रिकाम्या क्रेटवर बाजरीचं पोतं आवळलेलं. मीटर आणि पुढची काच दोन्ही धुरकट झालेली.

"नाना, उन्हात काय दिसंना बगा. तेवढं करून द्या, लांब जायचंय."

मी म्हटलं, जाऊ दे, त्याला आधी सोडा. एवढा मनाचा मोठेपणा मी दाखवला. नानांनी त्याचं काम धरलं. पाणी, पेपर, लोकर. काच निवळत आली तेवढ्यात माझा फोन वाजला. वस्तीवर एका शेतकऱ्याची गाय अडली होती, वासराचा एक पाय बाहेर आणि दुसरा आत दुमडलेला. झालं, माझं डोकं फिरलं. गाडी मीटर खोललेली, आणि नाना आपले कोंडीभाऊच्या काचेवर गोल गोल हात फिरवतायत.

"नाना, आटपा की!"

"झालंच."

त्यांनी शेवटचा हात फिरवला आणि थांबले. अंगठा मीटरच्या कडेनं वर नेला, ब्रेकच्या डबीखाली. तिथं बोट टेकवून बघितलं.

"कोंडीभाऊ, हे ऑइल आलं कुठनं रं?"

"कुनास ठाव. मेकॅनिककडनं सांडलं आसंल मागं."

"न्हाई, हितं आजून वलं..."

आणि मी ओरडलो. शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. "अहो नाना, कसल्या चौकशा लावल्यात? तुमचं काम काचेचं, काच झाली ना? तिकडं माझी गाय मरतीय. सोडा त्याला, आणि माझं मीटर बसवा!"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मग हात बंडीला पुसला. "जा रं कोंडीभाऊ. पन मेकॅनिकला दाखव ते."

"दाखवतो की," तो म्हणाला, आणि हात करून गेला. काच मात्र लखलखीत होती त्याची.

माझं मीटर नानांनी तसंच बसवलं. कोपऱ्यातला डाग राहिला होता. "ह्ये ऱ्हायलंय," ते म्हणाले. "राहू द्या," मी म्हणालो आणि सुटलो.

गाय वाचली. कालवड झाली. मालकानं चहा पाजला आणि सकाळी घरी येऊन चीक घेऊन जा म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर बसून खरवस खात होतो तेव्हा कुणीतरी सांगितलं, बाजारात मासे विकायला येणारा डिंभ्याचा कोंडीभाऊ काल दुपारी गेला. धरणाकडं उतरणाऱ्या रस्त्याला एक वळण आहे, तिथं गाडी सरळ खाली गेली. लोक म्हणत होते ब्रेकचा खटका मुठीला टेकलेला होता, डबीत ऑइल नुसतं तळाला उरलं होतं. मागचा ब्रेक एकटा काय करणार, पोत्याच्या ओझ्याला?

ताटलीतला खरवस मी खाली ठेवला. दवाखान्यात न जाता तडक दुकानावर गेलो. नानांना कळलं होतं. पिंपाला टेकून बसले होते. मी म्हणालो, "नाना, आपल्याला काय ठाऊक..." ते म्हणाले, "मला ठाव व्हतं. बोट वलं झालं व्हतं माजं." माझ्याबद्दल एक अक्षर नाही. एक तर शिव्या घालायच्या होत्या, निदान रागानं बघायचं तरी होतं! काही नाही. मला त्याचाच राग आला, आणि मी घरी निघून आलो. असा मी माणूस.

त्या दिवसापासनं नानांनी दोन गोष्टी केल्या. मोटारसायकलवर बसणं सोडलं, कुठं जायचं तर चालत नाहीतर यस्टीनं. आणि गिऱ्हाईक कुणीही असो, काच हातात घेण्याआधी एकच प्रश्न, "ऑइल आलं कुठनं?" उत्तर मिळेपर्यंत काम नाही. 'सांडलं असेल' हे उत्तर त्यांना चालायचं नाही. गाडी उभी करायची, डबी बघायची, झाकणाचं रबर, पाइपाचा जोड, वॉशर, सगळं कोरडं पुसून वर कागद गुंडाळायचा, आणि गिऱ्हाइकालाच ब्रेक दाबायला लावायचा. पन्नास वेळा. कागद भिजला तर तुमच्या डोळ्यांपुढं भिजला. आधी ते दुरुस्त करून या, मग काच.

गिऱ्हाइकं वैतागायची. राजुरीचा एक टोमॅटोचा व्यापारी आमच्या ओळखीचा, भाच्याच्या वरातीत मिरवायला त्यानं भली दांडगी मोटारसायकल घेतली होती. पुढं हातभर उंच काच, मधोमध टचचा स्क्रीन. दोन्हीवर ऑइल. मीच त्याला नानांकडं घेऊन गेलो.

"नाना, उद्या वरात हाय. चकाचक पायजे."

"ऑइल आलं कुठनं?"

"आवो तुमाला काय करायचंय? तुमी काच करा."

मी दचकलो. जवळजवळ माझेच शब्द. नानांनी माझ्याकडं बघायचंसुद्धा टाळलं. व्यापाऱ्याला म्हणाले, "पावणं, खाली बसा. ह्यो कागद बगा आन् ब्रेक दाबा." तो दाबायला लागला. विसाव्या दाबालाच कागद ओला. झाकणातलं रबर पीळ पडून बसलं होतं.

एवढ्यावर थांबतील तर नाना कसले. पुढच्या काचेच्या बोल्टांच्या भोकांपाशी त्यांनी उजेडात बोट धरलं. आत केसासारखे बारीक तडे. "ह्ये आत शिरलंय. वरनं मी चकाकी आनंन, पन दगूड उडाला की ही तुमच्या तोंडावर येनार." आणि दोन अंगठ्यांत धरून काचेचा कोपरा कडकन मोडून त्याच्या हातावर ठेवला!

व्यापारी उठून उभाच राहिला. "येडं बिडं हाय का हे म्हातारं?"

"नवी घ्या," नाना शांतपणे म्हणाले. "स्क्रीनची वरची काच मी करतो. आतला पापुद्रा गेलाय, तेवढा कोपरा काळा ऱ्हानार. खोटं कशाला सांगू?"

परत येताना व्यापारी माझ्यावर चिडत होता आणि मी गप्प होतो. तो म्हणाला, "आज तुमाला झालंय काय, डॉक्टर? एरवी तुमीच भांडला असता."

नाना डिंभ्याला जातात हे मला फार उशिरा कळलं. महिन्या-दोन महिन्यांतनं एकदा दुकान बंद असायचं. मला वाटायचं मेंढरांकडं गेले असतील. एकदा मी घोडेगावच्या स्टँडवर त्यांना बसलेलं बघितलं आणि विचारलं, तेव्हा सरळ सांगून टाकलं.

"डिंभ्याला गेल्तो. कोंडीभाऊच्या घरला."

"आणि?"

"थांब्यावरनं घर दिसतं. बसलो तिथं. त्याची बायकू भाईर आली, कपडे वाळत घातले, आत गेली. मंग आलो परत."

"भेटला नाहीत तिला?"

"न्हाई. सांगाया जातो, आन् पाय उचलत न्हाई. तिला वाटतं नवऱ्याचं नशीब. तिला ठाव न्हाई की एकाच्या बोटाला ते वलं लागलं व्हतं." मुंडाशाचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं. "सांगितल्याबिगर मरायचं न्हाई एवढं ठरवलंय. पन व्हईना."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो. 'मीही येतो तुमच्याबरोबर' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हणालो, "चहा घेता?"

अशी सहा वर्षं गेली.

मग एका सकाळी मी दुकानापाशी उभा होतो, तेव्हा एक पिकअप येऊन थांबला. मागं दोरीनं बांधलेली मोटारसायकल. पुढनं एक बाई उतरली. चाळिशीची, काटक, पदर खोचलेला. नानांच्या हातातली लोकर खाली पडली तेव्हाच मी ओळखलं ही कोण ते.

"म्हाळूनाना तुमीच का? मी डिंभ्याची हिराबाई. ही आमच्या मालकांची गाडी. पोरीला घोडेगावच्या दवाखान्यात नोकरी लागलीय, आन् यस्टीचा काय नेम नस्तो. ती म्हनली, बाबांची गाडी नीट करून दे. सगळीजनं म्हनली, मीटर तेवढं लोनीच्या नानाकडं न्या."

गाडी खाली घेतली. पुढची काच फुटून गेलेली. मीटर मात्र शाबूत होतं, पण सबंध पांढरं. गाडी पडली तेव्हा डबीत उरलंसुरलं ऑइल त्याच्यावरच ओघळलं असणार. नानांनीच लखलखीत केलेलं ते मीटर.

नाना गाडीपुढं बसले. सवयीनं बोट डबीखाली गेलं. सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतात तो प्रश्न आता येणार म्हणून मी वाट बघत होतो. तो आला नाही. ते तसेच जमिनीवर नीट मांडी घालून बसले, मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. नानांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बाई, बसा. तुमाला एक सांगायचंय. सांगून झाल्यावर गाडी इथं ठिवायची का न्हाई ते तुमी ठरवा."

आणि सांगितलं. काहीएक आडपडदा न ठेवता. बाजाराचा दिवस, कोंडीभाऊ आला, काच करून दिली. "डबीखाली वलं व्हतं. मला लागलं बोटाला. मी इचारलं, ऑइल आलं कुठनं. आन् उत्तर घ्यायच्या आधी त्याला जाऊ दिलं. धरून ठिवाया पायजे व्हतं. न्हाई ठिवलं."

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. आता ते म्हणतील, या डॉक्टरांनी घाई केली. मी घसा खाकरून तयारीसुद्धा केली, काय बोलायचं त्याची. नानांनी माझं नाव घेतलं नाही. बोलणं संपलं.

हिराबाईंनी गाडीच्या मुठीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "थांब्यावर तांबडं मुंडासं घालून एक म्हातारा बसून जायचा. मला वाटायचं मेंढरं बसवाया रान बगाया येतोय. ते तुमी?"

"मीच."

"सहा वरसं बोलला का न्हाई?"

"भ्यालो."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटतं ओरडल्या असत्या तर आम्हा दोघांनाही बरं वाटलं असतं. पदरानं त्यांनी मीटर पुसल्यासारखं केलं आणि विचारलं, "आता ब्रेक लागंल का?"

"लागंल."

"तवाबी तुमी काच करूनच दिली व्हती."

नानांनी होय म्हणून मान हलवली.

"मंग आसं करा," त्या म्हणाल्या. "गाडी झाली की तुमी सोता चालवत आना. त्याच उतारावरनं. मी वळनावर उबी ऱ्हाते, रस्त्याच्या मधी. माज्यापुढं थांबवून दाखवा. मंग पोरीला दीन."

सहा वर्षं गाडीवर न बसलेला सत्तरीपलीकडचा माणूस! मी म्हणालो, "बाई, मी आणतो चालवत, यांचं वय..." नानांनी हात वर करून मला गप्प केलं. "आनतो," ते म्हणाले.

आठ दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. लोणीतला सगळ्यात चांगला मेकॅनिक दुकानात आणून बसवला, ब्रेकचा पाइप, वॉशर, रबरं, सगळं डोळ्यांदेखत नवं घातलं. डबी भरताना मीटरवर घोंगडीचा ओला तुकडा. मग कागद गुंडाळून ब्रेक दाबत बसायचे. पन्नासवर भागलं नाही, मोजणंच सोडून दिलं. पुढं नवी काच बसवली. मीटर सगळ्यात शेवटी घेतलं. दोन दिवस नुसती जावळाची लोकर फिरत होती त्याच्यावर. बाजारतळावर सकाळी गाडी चालवून बघायचे, थोडी पुढं, ब्रेक, थोडी पुढं, ब्रेक. लोक हसायचे.

मग ठरल्या दिवशी निघालो. नाना पुढं, मी माझ्या गाडीवर मागं. मंचर, घोडेगाव, डिंभ्याचा रस्ता. सबंध वाट त्यांनी गाडी अशी हळू चालवली की एरवी मी हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला असता. त्या दिवशी मला ती गाडी कधी पोचूच नये असं वाटत होतं.

उतार सुरू होतो तिथं ते थांबले. दोन्ही तळवे बंडीला पुसले. खाली वळणावर हिराबाई उभ्या होत्या, रस्त्याच्या बरोबर मध्ये. पाठीमागं धरणाचं पाणी. नानांनी गाडी सोडली. मागनं मला फक्त त्यांचं तांबडं मुंडासं आणि ब्रेकचा दिवा दिसत होता. दिवा लागायचा, विझायचा, लागायचा. बाई जागच्या हलल्या नाहीत. तोंडानं मी खंडोबाचं नाव घेत होतो.

गाडी त्यांच्यापुढं चार हातांवर थांबली. पाय टेकून नाना तसेच बसून राहिले, मुठीवरचा हात काढीनात. हिराबाई पुढं आल्या, वाकून मीटरमध्ये बघितलं. "सपष्ट दिसतंय," एवढंच म्हणाल्या. मग घरी नेलं, तांब्याभर पाणी दिलं, चहा केला. आम्ही निघताना त्या नानांच्या पाया पडल्या नाहीत की माफ केलं म्हणाल्या नाहीत. गाडीची चावी मात्र नानांच्या हातून घेतली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चला नाना, बसा मागं."

"न्हाई. तुमी व्हा म्होरं. मी यस्टीनं येतो."

"इथं यस्टीचा काय भरवसा? संध्याकाळ होईल."

"व्हऊ दी." ते थांब्याच्या कट्ट्यावर टेकले. "डॉक्टर, मी तुमचं नाव घेतलं न्हाई. माजं मी सांगितलं. तुमचं तुमी सांगा."

मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. संताप आला. म्हटलं, सहा वर्षं हा माणूस मनात धरून बसला होता तर! मी किक मारली आणि उतार चढून वर गेलो. वर थांबलो. का थांबलो माहीत नाही. मीटरकडं बघितलं, कोपऱ्यात तो डाग. त्यांनी मनात धरलं नव्हतं. माझं मला ठेवलं होतं फक्त, मी मागीन तेव्हा न्यावं म्हणून. मी रडलो. दिवसाढवळ्या रस्त्याच्या कडेला, एवढा बाप्या माणूस.

त्यानंतर बारा दिवसांनी नाना दुकानातच बसल्या बसल्या गेले. मधले दिवस मी वस्त्यांवर लसीकरणात अडकलो होतो, लोणीत जाणं झालं नाही. म्हणून डिंभ्याच्या थांब्यावर बघितलं तेच शेवटचं.

तर त्या दिवशी, रडून झाल्यावर, मी गाडी वळवली आणि परत उतार उतरलो. नाना कट्ट्यावर तसेच बसले होते, घोंगडीचा तुकडा मांडीवर घडी करून ठेवलेला, तोंड धरणाच्या पाण्याकडं. माझ्या गाडीचा आवाज त्यांनी ओळखला असणार. वळून बघितलं नाही. मी समोरनं जाताना नुसता हात जरा वर केला.

हिराबाई अंगणात कप विसळत होत्या. गाडी थांबलेली बघून त्यांनी विचारलं, "काय ऱ्हायलं का, डॉक्टर?"

"हो बाई," मी म्हणालो. "ऱ्हायलंय."